दोन वाजता

तक्ता मी केला होता.
अकाउंटिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि मला वाटायचं
आईला फक्त रकाने हवेत.
पिवळ्यात पीठ भिजवणं, हिरव्यात भाजणं, निळ्यात हिशेब,
आणि एक पांढरी पट्टी: विश्रांती, वीस मिनिटं.
फ्रिजच्या दारावर चिकटवला.
आईने कापड पाहावं तसा तो चिमटीत धरून पाहिला,
म्हणाली, "कागद चांगला आहे."

बाहिर दारमध्ये आईचं दुकान कुठेच नाही.
आहे ती मागची खोली, तीन निळी पिंपं,
विजेचा एक मिताद, ताटाहून तिप्पट मोठा,
आणि अख्खी गल्ली, जी केव्हाही दारात उभी राहते:
"वुबालेम, पाच इंजेरा दे गं, पाहुणे आलेत."
टेफचं पीठ तीन दिवस आंबतं, गारठा असला तर चार.
आई झाकण उचलते, वास घेते,
म्हणते, "अजून नाही."
मी पेनं घेऊन बसलेली.
"अजून नाही" कुठल्या रंगात रंगवायचं?

मग सरोवराकाठच्या हॉटेलची ऑर्डर आली,
दर मंगळवारी एकशेवीस.
फोनवरच्या मुलीने दोन सांगितलं, मी लाल पेनाने दोन लिहिलं.

इथे तुम्हाला सांगायला हवं,
आमचं घड्याळ सूर्याबरोबर उठतं.
उजाडलं की बारा, मग तासाने एक.
शाळा आमची दोनला सुटत नसे, भरत असे.
पण हॉटेल पर्यटकांच्या घड्याळावर चालतं,
आणि मी पुस्तकांत राहून राहून
त्या दोन घड्याळांमधली फट विसरले होते.

आईला एकच घड्याळ माहीत.
दोन म्हणजे ऊन पपईच्या बुंध्याशी येतं तेव्हा.
मध्यरात्री उठली.
मितादवर मोहरीची पूड फिरवायची,
पीठ बाहेरून आत, गोल गोल ओतायचं,
इंजेराला डोळे फुटले की झाकण घालायचं.
एकशेवीस वेळा.
मी झोपले होते.

टोपल्या मांडीवर घेऊन बजाजमधून
ती मागच्या फाटकाशी पोचली, दोनला पाच कमी.
स्वयंपाकी म्हणाला, "बाई, आपल्या आठला या.
कोठीची चावी मॅनेजरकडे असते."
घरी जाऊन परत यायचे ऐंशी बिर.
ती पायरीवर बसली.

संध्याकाळी मला कळलं. मी तक्ता फाडायला उठले.
"थांब," आई म्हणाली, "मागची बाजू कोरी आहे."

"सहा तास काय केलंस?"
"बसले."
"नुसती?"
"पाणकोळी पाहिले. अर्धा दिवस पाण्यावर तरंगतात मेले,
त्यांना कुणी आळशी म्हणत नाही.
मग पायाला मुंग्या आल्या.
मग हिशेब आला.
गल्लीत एकाचे वीस येतात, हॉटेल सतरा देतं.
एकशेवीसला तीनशेसाठ गेले. बजाजचे वेगळे.
आणि एक रात्र.
रात्रीचे किती लिहू? तू शिकतेस ना?"

मला सांगता येईना.
आमच्या पुस्तकात झीज असते, पण ती यंत्राची.

तिने हॉटेलला कळवलं: माणूस पाठवा, गल्लीच्या भावात न्या.
माणूस अजून आलेला नाही.
महिन्याकाठी चांगला आकडा गेला, हेही खरं,
आणि माझी फी येत्या महिन्यात भरायची आहे.
तक्ता आता उलटा चिकटवलाय.
त्यावर येशीमबेतची उधारी, बारा इंजेरा,
गॅसवाल्याचा नंबर, आणि मंगळवारपुढे एक रेघ,
जिचा अर्थ मी विचारला नाही.

मंगळवारी दोनला, आपल्या दोनला,
ती पपईखाली स्टूल टाकते.
दारातून हाक येते: "वुबालेम, झाले का गं?"
आई पाय लांब करते.
"अजून नाही."